लाल दोऱ्याचे सहा आठवडे

मुंबईहून परत आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो राणीच्या बागेचा. मी राणीची बाग पाहिली नाही. चौपाटी? तीही नाही. कुणी नट-नटी तरी दिसली असेल की! मावशीच्या शेजारणीला एकदा एक नट दिसला होता म्हणे, मला नाही दिसला. "मग सहा आठवडे केलंस तरी काय गं शालन?" मी म्हटलं, कापड बघितलं. यावर त्या जोत्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इचलकरंजीत जन्मून, रात्रंदिवस मागांचा खडखडाट ऐकून, कापड बघायला मुंबईला गेलेली मी पहिलीच बाई. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा कुणी विचारायला नको.

सत्तर साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या विणकर सोसायटीला परदेशी जाणाऱ्या कापडाची ऑर्डर मिळाली होती. म्हणजे मिळाली होती आणि परतही येत होती. तागे मुंबईला जायचे, तिथले चेकर त्यांत दोष काढायचे आणि तागे पुन्हा आमच्या दारात. परत आलेलं कापड दुरुस्त करायला सोसायटीच्या दारात गोणपाटावर दोघीजणी बसायच्या, माझी आई आणि मी. वडील गेल्यापासून आम्ही दोघी रफूच करत आलो. मी दहा वर्षांची असताना हातात सुई आली ती आलीच. मधे मॅट्रिक झाले, तेवढा वेळ काय ती सुई बाजूला होती.

चेअरमन अण्णांच्या डोक्यात आलं की आपलंच माणूस शिकवून आणावं, म्हणजे मुंबईचा शिक्का गावातच बसेल. सगळ्यांना वाटलं, अण्णांचा पुतण्या जाणार. पण मुंबईच्या शिक्षण केंद्राची अट मॅट्रिक पासची होती आणि पुतण्या तीनदा परीक्षेला बसून तीनदा उठून आला होता. मग अण्णांनी तोंड वाकडं करत माझं नाव पाठवलं. "सर्टिफिकेट आणलंस तर चेकरची खुर्ची तुझी," ते म्हणाले, "नाहीतर गोणपाट आहेच."

ते गोणपाट मला नको झालं होतं. माझ्यापेक्षाही जास्त ते आईचं सुटायला हवं होतं. तिची नजर अधू झाली होती. विणीतला तुटका धागा ती बोटांनी शोधायची, पण सुईचं नेढं काही तिला बोटांनी दिसत नव्हतं. सुई ओवून मीच द्यायचे. मी मनाशी पक्कं केलं होतं, मला खुर्ची मिळाली की त्याच दिवशी आईला गोणपाटावरून उठवायचं. निघायच्या आदल्या दिवशी तिने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सुया माझ्यापुढे ठेवल्या. "ओवून ठेव सगळ्या. संपल्या की बघू." मी पन्नास सुया ओवून एका उशीत टोचून ठेवल्या आणि निघाले. प्रवासाचं विशेष काही नाही. एस.टी. लागली, एवढंच.

घाटकोपर

घाटकोपरला माझी मावशी राहते. तिच्या बिल्डिंगमध्ये चार मराठी बिऱ्हाडं, बाकी सगळे गुजराती. लोक फार सज्जन, पण आमटीत साखर घालतात. पहिल्या दिवशी शेजारच्या कांताबेननी वाटी भरून डाळ पाठवली. मी एक घास घेतला आणि मावशीला विचारलं, "पक्वान्न आधी कशाला वाढलंस?" मावशीने डोळे वटारले. आठ दिवसांनी मला ती डाळ आवडायला लागली, तेव्हा मात्र मी जरा घाबरले. घरी जाऊन तांबड्या रश्श्याला काय तोंड दाखवणार?

दुसरी अडचण आवाजाची. आमच्या गावात माग चालू असतात, म्हणून माणसं ओरडूनच बोलतात. आपण ओरडतोय हे आम्हाला माहीतच नसतं. बसमध्ये मी नुसतं "मरोळ एक" म्हटलं, तर कंडक्टर दचकून म्हणाला, "ओ बाई, देतो ना तिकीट! भांडता कशाला?" आणि जिथं ओरडूनही भागत नाही, मागाच्या अगदी शेजारी, तिथं आम्ही ओठांवरून ओळखतो. समोरच्या माणसाचे ओठ हलले की कळतं काय म्हणतोय ते. गावात हे शेंबड्या पोरालाही येतं, त्यामुळे त्याचं कौतुक नाही. मुंबईत मात्र त्याने माझी फार करमणूक केली. समोरच्या गॅलरीत नवरा-बायको कुजबुजत भांडायचे, ते मला इथे बसून अथपासून इतिपर्यंत समजायचं. मावशीला सांगितलं तर तिने पडदा ओढला. पण दुसऱ्या दिवशी तीच विचारत होती, "काय गं, मिटलं का त्यांचं?"

मरोळ

रोज असल्फा, साकीनाका करत बस मला मरोळला सोडायची. एका कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं शिक्षण केंद्र होतं. शिकवायला कर्णिकबाई. पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला दोरीला बांधलेलं भिंग. त्या भिंगातून इंचभर कापडातले धागे मोजायचे. पहिल्या दिवशी मी हजेरी दिली तेव्हा बाई म्हणाल्या, "हळू. मी इथेच आहे."

केंद्रात एक खोली होती, तिला वातानुकूलन होतं. मला वाटलं, साहेबांची असेल. छे! ती कापडाची. सुती कापड तपासायचं तर आधी ते चोवीस तास ठरलेल्या गारव्यात आणि ठरलेल्या दमटपणात ठेवायला लागतं, नाहीतर त्याची ताकद बरोबर कळत नाही. कापड आत आराम करायचं आणि आम्ही बाहेर घामाने निथळत त्याची वाट बघायचो. आमच्याकडे सुताला दमटपणा हवा म्हणून मागाखाली बादलीभर पाणी ओततात. त्या पाण्यात उभं राहून विणणाऱ्याचे पाय कुजतात, ते कोण मोजतंय!

आणि घामाचं तर विचारूच नका. रंग पक्का आहे की नाही हे बघायला कापड घामात भिजवून बघतात. त्यासाठी मीठ आणि कसली कसली द्रव्यं मिसळून बाई घाम तयार करायच्या. बाटलीवर चिठ्ठी: कृत्रिम घाम. तो ढवळताना बाईंच्या कपाळावरून खराखुरा घाम बाटलीत पडायला आला, तर त्या झटकन बाजूला झाल्या. "चुकून पडला तर अख्खी बाटली टाकून द्यावी लागेल," त्या गंभीरपणे म्हणाल्या. वर्गात हसलो आम्ही दोघीच, मी आणि माझ्या शेजारी बसणारी हिरा. तेव्हापासून आमचं जमलं.

हिरा वर्सोव्याची कोळीण. बाप-भाऊ बोटीवर, आई बाजारात. हिला डोक्यावर पाटी घ्यायची नव्हती म्हणून मॅट्रिक करून इथं आली होती. कानांत सोन्याची जड फुलं आणि तोंडात कुणाचीही भीडभाड नाही.

पक्का रंग तपासायची एक सोपी रीत बाईंनी शिकवली: पांढरं ओलं फडकं कापडावर घासायचं. त्याच संध्याकाळी कांताबेन नवी लाल साडी दाखवायला आल्या. माझा हात थांबतोय होय! ओला रुमाल पदरावर घासला आणि रुमाल लालभडक. "हिचा रंग जाणार," मी माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. ते तिन्ही मजल्यांना कळलं. ती साडी कांताबेनच्या होणाऱ्या व्याह्यांकडून आलेली. त्यानंतर डाळ यायची बंद झाली.

पण कर्णिकबाईंचा खरा धडा निराळाच होता आणि तो त्या दिवसातून तीनदा द्यायच्या. तिरप्या टेबलावर कापड पसरायचं, खालून दिवा, आणि ओढत ओढत बघायचं. तुटलेला धागा, सुटून वर आलेला धागा, भोक, डाग, काहीही दिसलं की त्याच्या समोर कापडाच्या किनारीला लाल दोरा बांधायचा, कागदावर लिहायचं आणि पुढे जायचं. "चेकरचं काम दोष सांगणं," बाई म्हणायच्या. "दुरुस्त करणं नाही. ज्याने विणलं तो विणताना शिकेल, ज्याने रफू करायचं तो रफू करेल. तुम्ही बघून पुढे जायचं."

मी हिराला हळूच म्हटलं, "नुसते दोष काढायचे आणि हात लावायचा नाही, एवढ्यासाठी शिक्षण कशाला हवं? माझी आजी आयुष्यभर माझ्या आईला हेच करत होती, बिनसर्टिफिकेटची!" माझं हळूच म्हणजे किती हळू ते तुम्हाला आता माहीत आहे. बाईंनी खडू टेबलावर ठेवला. "शालन, तुझ्या आजीला मी नोकरी दिली असती," त्या म्हणाल्या.

वर्सोवा

एका रविवारी हिरा मला घरी घेऊन गेली. समुद्र पाहिला तो एवढाच, आणि तोही वाळत घातलेल्या बोंबलांच्या मधून. वासाने मला पहिल्यांदा गरगरलं. मग तिच्या आईने भाकरी आणि तिखटजाळ कालवण पुढे ठेवलं आणि चार आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या नाकातून पाणी आलं. मला इतकं बरं वाटलं की मी रडतेय असं वाटून ती माउली घाबरली. "काय झाला गो बाय?" मी म्हटलं, काही नाही, घरी आल्यासारखं वाटलं.

जेवण झाल्यावर हिराचे वडील वाळूत जाळं पसरून बसले होते. मी त्यांच्यापाशी गेले. जाळ्याचं एक घर तुटलेलं मला आधी दिसलं. मी बोट दाखवायच्या आत हिरा खाली बसली, बापाच्या हातातली दोऱ्याची लाकडी सुई घेतली आणि दोन गाठींत ते घर बांधून मोकळी झाली. बोलत होती माझ्याशीच, काहीतरी सिनेमाचं. आपण काही केलं हे तिच्या गावीही नव्हतं. मी तिला म्हटलं, "लाल दोरा बांध, पुढे जा!" तिने जीभ चावली. आम्ही दोघी खूप हसलो. दहाच दिवसांनी तेच माझ्या अंगावर येणार आहे हे तेव्हा ठाऊक असतं तर मी एवढी हसले नसते.

परीक्षा

शेवटच्या आठवड्यात परीक्षा. मुद्दाम दोष असलेला कापडाचा तुकडा प्रत्येकीला द्यायचा. दोष किती आणि कुठे ते रजिस्टरात आधीच लिहिलेलं. तासाभरात सगळे शोधायचे आणि लाल दोरे बांधायचे. बाहेरून एक परीक्षक साहेब आले होते. ते आणि बाई काचेच्या पार्टिशनपलीकडे बसले. आम्हाला टेबलावर भिंग, कागद, लाल दोऱ्याचं रीळ आणि धागा उचलून बघायला एक सुई दिली होती.

डोळ्यांसमोर खुर्ची होती, गोणपाट होतं आणि उशीतल्या सुया होत्या. आता किती उरल्या असतील? दिवा लागला, कापड पसरलं आणि वीतभर सरकवलं तोच पहिला तुटका धागा सापडला. आमच्याच गावाच्या बाजूचं कापड असावं, वीण ओळखीची होती. माझे हात शांत झाले. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. इतकंच आठवतं की काम फार छान चाललं होतं, इतकं छान की मी गुणगुणत होते.

घंटा झाली तेव्हा मी मान वर केली. शेजारच्या टेबलावर हिराच्या कापडाच्या किनारीला लाल दोऱ्यांची झालर होती. माझ्या किनारीला एकही दोरा नव्हता. रीळ तसंच. कागद कोरा. आणि टेबलावरची ती सुई माझ्या बोटांत होती.

सगळे दोष मी रफू करून टाकले होते. किनारीतून धागा ओढायचा, सुईत घालायचा, वीण भरायची, नखाने दाबायची, पुढे सरकायचं. चौदा वर्षं जे केलं तेच. आमच्या घरात तुटका धागा दिसणं आणि तो भरणं या दोन गोष्टी नव्हत्याच कधी. आईच्या हाताखाली नुसतं बघून पुढे गेले असते तर पाठीत धपाटा बसला असता. "दिसलं ना? मग भर की!"

"काय केलंस गो?" हिरा ओठांतल्या ओठांत म्हणाली. मी घाईने रिळाकडे हात नेला. पण तोवर शिपायाने कापड आणि कोरा कागद उचलून आत नेला होता.

आता मी काचेपलीकडे बघायला लागले. आवाज येत नव्हता, पण मला आवाज लागतो कुठे? साहेबांनी कापड दिव्यावर धरलं, सरकवलं, पुन्हा उलटं सरकवलं. "रजिस्टरात सात दोष आहेत," त्यांचे ओठ म्हणाले, "यात तर एकही दिसत नाही." बाईंनी भिंग लावलं. "चुकून चांगला तुकडा गेला वाटतं." साहेबांनी माझा कागद उचलला. "मुलीने कोरा दिलाय. म्हणजे बरोबरच आहे की. दोष नाहीत तर लिहिणार काय? हुशार आहे, उगाच काहीतरी लिहिलं नाही. पास करून टाका."

बाई लिहायला वाकल्या.

खरं सांगते, मी उठले नाही. लगेच तर मुळीच नाही. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. खुर्ची माझी झाली होती, तीही हुशार म्हणून. रफू इतकं बेमालूम झालं होतं की भिंगालाही दिसलं नव्हतं, त्याचा मला आतून अभिमानही वाटत होता, लाज वाटायच्या जागी! मग मनात आलं की हे सर्टिफिकेट घेऊन मी गावी जाईन, माझ्या शिक्क्यावर तागे बोटीवर चढतील, आणि मी शिकले काय, तर झाकायला. आणि दुसरं मनात आलं ते याहून साधं होतं. असा झाकलेला तागा मी पास केला तर आई त्यावर बोट फिरवेल आणि तिला कळेल. तिला भिंग लागत नाही.

मी दार ढकलून आत गेले. "साहेब, तुकडा तोच आहे," मी म्हटलं. "मी रफू केलंय."

हे मी कितीही हळू म्हटलं असलं तरी खालच्या मजल्यावरची मशिनं थांबली असं हिरा अजून सांगते. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आम्ही काय बोललो ते तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. मी तेही सांगितलं. साहेबांनी उगाचच तोंडावर हात धरला.

"दाखव," बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटून बोट फिरवलं आणि जिथे जिथे माझाच हात लागला होता तिथे लाल दोरा बांधत गेले. सात झाले. साहेबांनी रजिस्टराशी ताडून पाहिले, जागा बरोबर. मग मी आठवा बांधला. मग नववा. "सातच आहेत," साहेब म्हणाले. "नऊ आहेत," मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून नवव्या जागचं माझं रफू सुईच्या टोकाने उसवलं आणि तुटका धागा त्यांना दाखवला. चांगलं भरलेलं कापड स्वतःच्या हाताने उसवताना मला जितकं वाईट वाटलं तितकं अख्ख्या मुंबईत कशाचं वाटलं नाही.

मग दोघांनी मिळून जो विचार केला तो ऐकण्यासारखा होता. रजिस्टर चुकलं म्हणावं, तर त्यावर साहेबांचीच सही. शेवटी ठरलं की रजिस्टरात सातच राहतील, मी नापास, आणि उद्या सकाळी पुन्हा परीक्षा. टेबलावर सुई नाही. "आणि हिला काचेकडे पाठ करून बसवा," साहेब जाता जाता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हिराने जाळ्याच्या दोरीचा एक तुकडा आणला होता. "ये, हात बांधते तुझे." मी हसले नाही. त्या तासाभरात दर वेळी तुटका धागा दिसला की माझा हात सुईकडे गेला आणि सुई तिथे नव्हती. दोरा बांधायचा आणि तो धागा तसाच लोंबकळत ठेवून पुढे जायचं. बाहेर आले तेव्हा ब्लाउज घामाने भिजला होता, अस्सल घामाने. पास झाले. कर्णिकबाईंनी सर्टिफिकेट हातात देताना म्हटलं, "असं रफू मी आयुष्यात पाहिलं नाही. आता ते कधी करू नकोस." त्या रागावल्या होत्या की काय, मला अजून कळलेलं नाही. त्या संध्याकाळी कांताबेनकडून डाळही आली.

इचलकरंजी

अण्णांनी शब्द पाळला. सोसायटीत खिडकीशी टेबल, खुर्ची, मागे सर्टिफिकेट काचेत. पहिल्या दिवशी लोक बघायला आले आणि जाताना प्रत्येकाने मी आपलीच पोर आहे याची मला आठवण करून दिली. पहिला तागा टेबलावर आला. मी ओढत गेले. चार हातांवर तुटका धागा. लाल दोरा बांधला. पुढे आणखी एक. तोही बांधला. कागदावर लिहिलं आणि शिक्षणाबरहुकूम म्हटलं, "रफूला द्या."

तागा उचलला गेला, दाराशी गेला आणि गोणपाटावर बसलेल्या आईच्या मांडीवर पडला.

मी हा सगळा विचार केला होता, फक्त एवढाच केला नव्हता. मी उठले म्हणजे जागा रिकामी झाली नव्हती, एका बाईचं काम दुसरीवर गेलं होतं. आईला उठवा असं मी अण्णांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मग रफू कोण करणार? तू? तुला तर आता मनाई आहे." माझ्या प्रत्येक लाल दोऱ्याला त्या दारातली एक सुई लागणार होती आणि मी जितकी चांगली चेकर, तितकी आई जास्त वेळ बसणार होती.

आईने बोटाने लाल दोरा चाचपला, तिथून आत गेली आणि धागा बरोबर सापडला. "अचूक बांधलायस," ती म्हणाली. मग शेजारची उशी तिने जवळ ओढली. उशीत पन्नास सुया होत्या आणि एकीतही दोरा नव्हता. तिने एक काढली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि नेढ्याच्या आजूबाजूला फिरवत राहिली. एकदा, दोनदा, पाचदा. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

टेबलावर दुसरा तागा येऊन पडला होता. अण्णा बघत होते. मी खुर्ची मागे सरकवली, दाराशी गेले, गोणपाटावर तिच्या शेजारी बसले आणि उशी मांडीवर घेतली. चेकरने रफू करायचं नाही, हे मला पाठ आहे. सुई ओवण्याबद्दल कर्णिकबाई काही बोलल्या नव्हत्या. पन्नासच्या पन्नास ओवून झाल्यावरच मी उठले.